मेजर कुठे थांबायचे

उंब्रजला फौजेतून परत आलेल्या कुठल्याही माणसाला मेजर म्हणतात. माझे पती हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण गाव त्यांना मेजर म्हणतं आणि आता मीही म्हणते. त्यांच्या डाव्या पायाची ही हकीकत आहे.

लिहायचं कारण असं, की मिरजेच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोनं मला विचारलं होतं, "ताई, तुम्हाला आधी काहीच कसं कळलं नाही?" त्यांनाही काही कळलं नव्हतं, म्हणून विचारत होत्या. मी तेव्हा "नाही कळलं" म्हणून विषय संपवला. खरं उत्तर जरा लांब आहे. आमच्या डोळ्यांसमोर सगळं रोज घडत होतं. फक्त ते दुखणं आहे असं वाटत नव्हतं, व्यसन वाटत होतं.

गिरणीच्या दारातून

घराला लागून आमची पिठाची गिरणी आहे. ती मी चालवते. तिच्या दारात उभं राहिलं की बाजारपेठेचा रस्ता थेट विकास सोसायटीच्या कचेरीपर्यंत दिसतो. मेजर रोज सकाळी चहा घेऊन हायवेच्या पुलाखालच्या स्टँडवर पेपर वाचायला जायचे. उंच, ताठ माणूस, कपड्यांना इस्त्री, चालायला लागले की वाटावं मागून पलटण येतेय. मारुतीच्या देवळापाशी पोचले की थांबायचे, खिशातून विडी काढायचे, काडी ओढायचे. पुढे सोसायटीच्या पायरीशी परत थांबा, परत विडी. तिथे त्यांचे लहानपणचे दोस्त बापू बसलेले असायचे. मग स्टँडच्या अलीकडे तिसरी.

तंबाखू नवी नव्हती. फौजेत थंडीच्या ठिकाणी सिगारेट लागली आणि गावी आल्यावर तिची विडी झाली. पण मागच्या एक-दोन वर्षांत रस्त्यातलं थांबणं फारच वाढलं. मी बोलायची.

"आवं, घरात वढता, स्टँडवर वढता, रस्त्यात तरी दम धरा की."

"तुला काय त्रास हाय? गिरणी बघ तुझी."

एक गोष्ट मात्र मला खटकायची. दोन झुरके मारून ते विडी टाकून द्यायचे. ज्या माणसानं थोटूक बोटाला चटका बसेपर्यंत सोडलं नाही, तो रस्त्यात अर्ध्या विड्या टाकत होता. मला वाटलं, पेन्शन जास्त झाली.

मग सव्वीस जानेवारी आली. शाळेची प्रभातफेरी गावातून निघते आणि तिच्या पुढे गणवेशातला कोट, छातीवर पदकं अशा थाटात मेजर चालतात. निवृत्तीपासून हा मान त्यांचा. त्या वर्षी फेरी सोसायटीपाशी आली आणि मेजर रांग सोडून बाजूला झाले. पायरीशी उभं राहून त्यांनी विडी पेटवली. मुलं घोषणा देत पुढे गेली, हे मागे धूर सोडत उभे. मुख्याध्यापिका बाईंचा चेहरा मी गिरणीच्या दारातून बघितला. आठवडाभर दळणाला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "वहिनी, झेंड्याच्या दिवशी तरी मेजरनी..." मी जातं आणखी जोरात चालू करायची.

चप्पल चावली

मे महिन्यात माझ्या भाचीचं लग्न कराडला होतं. मेजरनी त्यासाठी करकरीत कातडी चपला घेतल्या. नवी चप्पल चावतेच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. डाव्या करंगळीला फोड आला, फुटला, जखम झाली. सासूबाईंनी हळद भरली. त्यांना मी आत्या म्हणते. ऐंशीच्या घरात आहेत आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

लग्नाचे मांडव उतरले, पाहुणे गेले, पाऊस तोंडावर आला, तरी जखम तशीच. आमच्याकडे जखम भरेना म्हटलं की माणूस एकच प्रश्न विचारतो, "शुगर हाय का?" मीही तेच केलं. मेजरना रक्त तपासायला नेलं. शुगर नव्हती. सगळं घर इतकं खूश झालं, की आत्यांनी शिरा केला. साखर नाही म्हणून शिरा! आणि त्यानंतर कुणी त्या बोटाकडे नीट बघितलंच नाही. शुगर नाही ना, मग भरेल हळूहळू. आमच्या भागात ही चूक घरोघरी होते, म्हणून मुद्दाम लिहिते. शुगर नसणं म्हणजे पाय ठीक असणं नाही.

एका दुपारी मी पट्टी बदलायला बसले आणि दोन्ही पाय हातात घेतले. उजवा गरम होता. डावा माठासारखा गार. नडगीवरचे केस गेलेले, कातडी चकचकीत. करंगळीचं टोक निळसर काळं पडलं होतं.

"हे कवापासनं असं?"

"असंल आठ-पंधरा दिस."

"आन् झोपताना पाय खाटंखाली सोडून का झोपताय?"

"बरं वाटतं."

लोंबकळत्या पायात तेवढंच रक्त उतरतं म्हणून तो बरा वाटतो, हे तेव्हा मला कळलं नाही. पण गार पाय आणि काळं बोट या दोन गोष्टी मला पुरल्या. आत्या म्हणाल्या, "वीट तापवून शेक दे, गरम हुईल." मी नको म्हटलं. एकुलता एक मुलगा अमर चाकणला नोकरीला आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, कराड-सातारा करत बसू नका. सरळ मिरजेला न्या, मी तिथं येतो." आम्ही रेल्वेनं गेलो. डब्यात मेजर दाराशी उभे राहून विडी ओढायला निघाले, तेव्हा मी पहिल्यांदा काही बोलले नाही. बोलायला भीती वाटत होती.

डॉक्टरबाईंचा प्रश्न

मिरजेच्या त्या डॉक्टरबाई वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलणं थोडक्यात. त्यांनी आधी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, मग तोच पट्टा घोट्याला बांधला. पायाचा रक्तदाब बघतात हे मला तेव्हा कळलं. दंडाचा वरचा आकडा भलताच जास्त निघाला, डाव्या घोट्याचा त्याच्या निम्म्यालाही पोचेना.

"चालताना पोटरी दुखते? थांबावं लागतं?"

"न्हाई," मेजर म्हणाले. "मी थांबत न्हाई."

"थांबतात की," मी म्हटलं. "विडी पेटवायला."

बाईंनी माझ्याकडे मान वळवली. "कुठे थांबतात?"

"मारुतीच्या देवळापाशी. मग सोसायटीच्या पायरीशी. मग स्टँडच्या अलीकडं."

"रोज तिथेच?"

"रोज तिथंच."

"आणि विडी पूर्ण ओढतात?"

"न्हाई. दोन झुरके मारतात आन् टाकून देतात." बाई मेजरकडे बघत होत्या. मेजर खिडकीकडे.

"काका, पाय दुखतो म्हणून थांबता आणि कुणी विचारू नये म्हणून विडी पेटवता. बरोबर?"

मग मेजर म्हणाले, "पोटरीत गोळा येतो. पाऊल उचलत न्हाई. दोन मिंटं हुबं ऱ्हायलं की जातो." आणि मग, हळू आवाजात, "भर बाजारात नुसतं कसं हुबं ऱ्हायचं?"

त्या क्षणी मला सव्वीस जानेवारीची सोसायटीची पायरी दिसली. ज्या विडीनं पाय खाल्ला, तिच्याच आडोशाला हा माणूस ते दुखणं लपवत होता. आणि आम्ही सगळे विडी बघत होतो, पाय कुणीच बघत नव्हतं.

बाईंनी मग समजावलं. रक्तवाहिनी रबरासारखी असते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला फुगते, परत बसते. वर्षानुवर्षं धूर गेला की ती कडक होत जाते, आतून खडबडीत होते, त्यावर थर चढतो.

"म्हंजी ठिबकची नळी उन्हात पडून पडून हुती तशी," मेजर म्हणाले. आमचा ऊस ठिबकवर आहे. "वाकवाय गेलं की कडाड मोडती. आन् आत क्षार बसला की शेवटच्या सरीला पाणीच जात न्हाई."

"अगदी तशी. तुमची शेवटची सरी म्हणजे ही करंगळी."

"मग नळी बदला."

"सगळ्या अंगातल्या नळ्या कशा बदलू? चोंदलेली जागा मी आतून फुगा घालून उघडू शकते. पण कडकपणा काढायचं औषध माझ्याकडे नाही. विडी थांबली तर तो वाढायचा थांबतो, काही वर्षांनी थोडा कमीही होतो. थांबली नाही, तर मी उघडलेलं परत बंद होईल. आज पाय बोललाय. उद्या हृदय बोलेल."

"पाय ऱ्हाईल का?"

"करंगळी जाईल. पाय राहील की नाही, त्यात थोडं माझ्या हातात आहे, जास्त तुमच्या."

मेजरनी सदऱ्याच्या खिशातून विडीचं बंडल आणि काडेपेटी काढली आणि टेबलावर ठेवली. भाषण नाही, शपथ नाही. बाईंनी ते बंडल कचऱ्यात टाकलं आणि पुढचा पेशंट बोलावला. त्या दोघांचा तो व्यवहार मला फार आवडला.

वॉर्ड

दवाखान्यात माणूस दोनच दिवसांत तिथला होतो. सकाळी फरशी पुसायला मावशी आल्या की नातेवाइकांनी सतरंज्या गुंडाळायच्या, मग चहा, मग पट्टी, मग डॉक्टरांची फेरी. आमच्या वॉर्डात सगळे पायवाले होते. जत, तासगाव, शिरोळ, अगदी पलीकडच्या कर्नाटकातलेही. काही शुगरचे, काही आमच्यासारखे विडी-सिगारेटचे. समोरच्या खाटेवरच्या एका गृहस्थांचा पाय गुडघ्याखालून गेलेला होता. वॉर्डाच्या मागच्या जिन्यात ते अजून चोरून ओढायला जायचे, कुबड्या घेऊन. मेजर त्यांना जाताना बघायचे, येताना बघायचे आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचे. कुणाला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. ती ओढ काय असते हे मला तिथे कळलं.

जांघेतून तार घालून फुगा फुगवला, पायातली वाट उघडली. करंगळी काढली. मेजर बाहेर आले तेव्हा नर्सनं त्यांच्या पावलावर दोन बोटं ठेवली, जरा इकडे-तिकडे चाचपलं, आणि पेनानं तिथे एक छोटी फुली मारली.

"काकू, इथं हात ठेवा."

ठेवला. कातडीखाली काहीतरी टकटक करत होतं. बारीक, पण होतं. "नाडी. ही दिवसातून चार वेळा बघायची. लागली नाही तर लगेच हाक मारायची." मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींवर हात ठेवलेत, चालू गिरणीवरही. पण त्या फुलीइतकं समाधान कशानं दिलेलं आठवत नाही.

विडीविना पहिले दिवस वाईट गेले. मेजर जेवणावर चिडायचे, अमरवर चिडायचे, पंख्यावर चिडायचे. अमरनंही एकदा तोंड सोडलं, "तुमच्या धुरात मी वाढलो, आता माझ्यावरच डाफरता?" बापलेक दोन दिवस बोलले नाहीत. शेजारच्या ताईंनी मधल्या वेळेत आम्हाला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, आणि दोघांनी एकाच ताटातून खाल्ली. भांडण तिथेच मिटलं, कुणी माफी मागितली नाही. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

सुट्टी मिळायच्या आधी बाईंनी चालायला सांगितलं. चाला, दुखलं की थांबा, दुखणं गेलं की परत चाला. असं रोज. शरीर मग बाजूनं बारीक वाटा तयार करतं.

"थांबून काय करायचं?" मेजरनी विचारलं.

"काही नाही. उभं राहायचं. थांबणं हा औषधाचाच भाग आहे."

सराव म्हणून मी त्यांना सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत नेलं. एका दुकानापुढे पोटरी भरून आली. मेजर थांबले. हात खिशाकडे गेला, रिकामा परत आला. दुकानातले कारागीर भोपळ्यावर हात फिरवत बसले होते. त्यांनी मान वर केली. "या. कुणाला शिकायचंय?"

"नातवाला," मेजर म्हणाले. "नातवासाठी बघतुया."

पुढे गेल्यावर मी विचारलं, "आपल्याला नातू कवा झाला? अमरचं अजून लगीन न्हाई."

"हुईल की."

एवढा हिमतीचा माणूस, पण पाय दुखतो हे दोन शब्द त्याच्या तोंडातून निघत नव्हते.

आत्यांचा तवा

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली, आणि ती मला वाटलं होतं तिथे नव्हती. मेजरनी विडीला हात लावला नाही. पण त्यांनी चालणंच बंद केलं. अंगणात खुर्ची टाकून बसायचे. मी म्हटलं की म्हणायचे, "उद्या." बापू भावजी एकदा बोलवायला आले. "मेजर, पायरी मोकळी पडलीया. का वहिनींनी दावं बांधलंया?" मेजर हसले, पण उठले नाहीत.

मला कळत होतं. विडीबरोबर त्यांचा आडोसा गेला होता. आणि बाईंनी तर स्पष्ट सांगितलेलं, चालला नाहीत तर उघडलेली वाट टिकायची शाश्वती नाही.

त्यात आत्यांची मिश्री. आमच्याकडच्या जुन्या बायका तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटून डबीत भरतात आणि सकाळ-संध्याकाळ तिनं दात घासतात. दात हे निमित्त, खरी गरज तंबाखूची. आत्यांनी एका सकाळी तवा चढवला. तो वास घरभर सुटला आणि अंगणातले मेजर खुर्चीवरून उठून सरळ तव्याकडे चालत आले. दारात थांबले. त्यांचा चेहरा बघून मी चूल विझवली.

"आत्या, ह्यांनी विडी सोडली आन् तुमी घरात तंबाखू भाजता?"

"मग मी दात कशानं घासू?"

"दात हायत किती?"

"चार हायत! तुला काय त्याचं?"

आत्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवल्याही नाहीत. संध्याकाळी त्या काठी टेकत अंगणात आल्या, मेजरच्या मांडीवर मिश्रीची डबी ठेवली आणि म्हणाल्या, "ही घे. उकिरड्यावर टाक. मीबी सोडली."

मेजर बघतच राहिले. "आये, तुला जमायचं न्हाई."

"लगीन हुन आले तवापासनं लावतीया. जमतंय का न्हाई ते मी बघीन. तू चाल."

"कसं चालू? मधीच हुबं ऱ्हावं लागतं. लोक बघत्यात."

"बघू देत. फौजेत हुबा ऱ्हायला न्हाईस व्हय रं रातरात?"

"तिथं ड्यूटी हुती, आये."

"मग ही काय हाय?"

आत्यांनी खरंच सोडली. ऐंशीच्या घरातली बाई, पहिले आठ दिवस डोकं धरून बसायची, चहा कडू लागतो म्हणायची, मला बारीकसारीक गोष्टींवरून बोलायची. मी ऐकून घेतलं. त्यांच्याबद्दल मला पूर्वी आदर होता, तो सुनेनं ठेवायचा असतो तसा. आता आहे तो वेगळा. चार दात मिठानं घासणाऱ्या त्या म्हातारीपुढे कुठलं औषध उभं राहणार?

दुसऱ्या दिवशी मेजर निघाले. मी गिरणीचं जातं बंद केलं आणि दारात येऊन उभी राहिले. देवळापर्यंत गेले. पोटरी भरून आली. थांबले. उजवा हात खिशाकडे गेला. तिथून तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना, एकदा कमरेवर, एकदा मिशीवर. आणि मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, एकात एक धरले, पाय थोडे फाकवले, छाती पुढे, नजर समोर. विश्राम. कवायतीत उभे राहतात तसे. दोन मिनिटं पुतळ्यासारखे उभे राहिले, टाचा जुळवल्या, आणि पुढे निघाले.

त्या दिवशी ते सोसायटीपर्यंतच गेले. बापूंनी सवयीनं बंडल पुढे केलं. मेजरनी हात पाठीमागून काढलेच नाहीत. नुसती मान हलवली.

तुमच्याही घरात असा माणूस असेल

तो चालताना कुठे थांबतो ते बघा. थांबून फोन बघतो, बूट बांधतो, पाटी वाचतो, ओळखीच्या माणसाला उगाच हाक मारतो. ते सगळं खरंही असेल. पण रोज त्याच अंतरावर असेल तर त्याचे पाय हातात घेऊन बघा, दोन्ही सारखे गरम आहेत का. गार पायाला वीट, गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजेल तरी त्याला कळणार नाही. नवी चप्पल घालायच्या आधी तेल लावून मऊ करा. बाकी डॉक्टर सांगतील. आणि ज्यानं विडी सोडलीय त्याचं कौतुक करताना हात आखडता घेऊ नका. माझा हात आखडताच, तरी केलं.

पावसाळा, गणपती, दिवाळी गेली. जखम भरली. मेजर रोज चालत होते. पहिला थांबा देवळाच्या पुढे सरकला, दुसरा सोसायटीच्या पुढे. दर महिन्याला मिरजेला जायचं, बाई पावलावर बोटं ठेवायच्या. फुली कधीच धुऊन गेली होती, पण जागा मला पाठ होती. एकदा बाईंच्या आधी मीच बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "लागली?" मी म्हटलं, "लागली."

सव्वीस जानेवारी

जानेवारीत मुख्याध्यापिका बाई दळण घेऊन आल्या. डबा ठेवला तरी जाईनात.

"वहिनी, प्रभातफेरीचं मेजरना विचारायचं होतं. पण मागच्या वर्षी ते जरा..."

"ते अंगणात हायत. त्यांनाच विचारा."

मी जातं बंद ठेवून ऐकत राहिले. मेजर खुर्चीवरून उठले.

"येतो, बाई. पण मी मधी थांबणार. एकदा, कदाचित दोनदा. मी थांबलो की सगळी रांग थांबवा. मागच्या वेळंसारखं मला सोडून जाऊ नका."

"हो, पण... का थांबायचं, मेजर?"

मेजरनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग समोर.

"माझा पाय दुखतो म्हणून. विडीनं खराब झालाय. मागच्या वर्षीबी म्हणूनच थांबलो हुतो."

जाताना बाईंनी मला नुसती मान डोलावली. मी जातं चालू केलं, कारण मला काहीतरी आवाज हवा होता.

सव्वीसला सकाळी मी आत्यांना खुर्ची टाकून गिरणीच्या दारात बसवलं. फेरी आली. पुढे मेजर, कोट, पदकं, मागे पांढऱ्या गणवेशातली मुलं, ढोल, घोषणा. देवळापाशी ते थांबले नाहीत. सोसायटीच्या पायरीजवळ त्यांची चाल जरा जड झाली. मला इतक्या लांबूनही कळलं. डाव्या पावलाला पुढे टाकायला क्षणभर वेळ लागला.

"थांब!" मेजरचा आवाज सगळ्या बाजारात गेला. रांग थांबली. ढोल थांबला. दुकानदार गल्ल्यावरून उठून बघायला लागले. पायरीवरून बापू ओरडले, "मेजर, काय झालं?"

आत्यांनी माझा हात धरला.

"पाय दुखतुया, बापू," मेजर म्हणाले. कवायतीच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, पाय फाकवले, नजर समोर ठेवली.

पहिल्या रांगेतल्या मुलांनी ते बघितलं. शाळेत त्यांना रोज करावं लागतं. कुणी सांगितलं नाही, पण त्यांनीही विश्राम घेतला. मग दुसऱ्या रांगेनं, मग तिसऱ्या. बघता बघता सगळी शाळा बाजारात हात मागे बांधून उभी राहिली. मुख्याध्यापिका बाईही. कुणी हसलं नाही. मोकळ्या हातांनी उभा राहिलेला एक माणूस आणि त्याच्या मागे गावाची सगळी लेकरं, त्याची पोटरी मोकळी व्हायची वाट बघत.

बापू भावजींना काय करावं कळेना. ते पायरीवरून उठले आणि त्यांनीही पाय फाकवून हात पाठीमागे घेतले. हातात पेटलेली विडी होती. त्यांच्या पाठीमागून धूर वर चढायला लागला.

मी गिरणीच्या दारातून ओरडले, "भावजी, टाका ती, सदरा जळंल!"

बापूंनी विडी खाली टाकली आणि चपलेखाली विझवली. मेजरनी मान वळवली नाही, पण त्यांची मिशी हलली. मग टाचा जुळल्या.

"सावधान! चला."